मनगटावरची खूण

नेहानं पार्सल फोडलं, आतून गुलाबी रंगाची एक जाड वडी काढली आणि आजीच्या मांडीवर ठेवली. भिमाबाईला आधी वाटलं, खायचं आहे. दिसायला खोबऱ्याची बर्फीच. तिनं नखानं दाबून बघितलं, नाकाशी नेलं आणि तिचे डोळे बारीक झाले.

"रबर हाय का गं हे?"

"हो आज्जी. कोरायचं रबर. यावर नक्षी कोरायची, शाई लावायची आणि कागदावर छापायची. मी क्लास लावलाय त्याचा."

"इकत आणलंस?"

"मग काय, फुकट देतात?"

भिमाबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. "तुझा आजा पिशव्या भरभरून आणायचा गं! कंपनीवाले हात जोडायचे, न्या बाबा, जागा अडलीय म्हणून. आन त्याचा क्लास असतो व्हय? आमाला कुणी सांगितलंच न्हाई!"

नेहा तिच्या थोरल्या मुलाची मुलगी. हिंजवडीला कामाला. कंपनीच्या गाडीत ट्रॅफिकमध्ये बसून बसून अंग आंबतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी जिवाला विरंगुळा पाहिजे म्हणते. विरंगुळा म्हणून रबर कोरायचं, हे ऐकून भिमाबाईला गंमत वाटली. आणि खोटं कशाला बोला, बरंही वाटलं. गुडघ्यावर हात देत ती उठली आणि कपाटाच्या खालच्या खणातनं बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा काढून आणला. झाकण गंजून बसलं होतं. चमच्याच्या दांड्यानं उचकटलं, तेव्हा जुनी शाई, रबर आणि पंक्चरचं सोल्युशन, असा तिन्हीचा मिळून एक वास खोलीभर सुटला.

आत शिक्के होते. हाताच्या अंगठ्याएवढे रबराचे तुकडे, मागं खोक्याच्या लाकडाची ठोकळी चिकटवलेली. मासा, बदक, कुलूप, किटली. शाई पिऊन पिऊन सगळे जांभळे झालेले. एकच तेवढा काळाच्या काळा, शाई न लागलेला.

"हा का कोरा?" नेहानं नेमका तोच उचलला. "पेन आहे ना हे? किती छान कोरलंय!"

"ऱ्हाऊ दे तो," भिमाबाई म्हणाली आणि तिच्या हातातनं काढून घेतला.

आता हे शिक्के आले कुठनं, ते सांगायला पाहिजे.

भिमाबाईचा नवरा जयसिंग पिंपरीला रबराच्या कंपनीत होता. गाड्यांना लागणाऱ्या पट्ट्या आणि पायाखालची मॅटं तिथं व्हायची. कापून उरलेले तुकडे तो घरी आणायचा. दाराखाली सारायला, पाट्याखाली ठेवायला, पोरांना खोडायला. जयसिंगला जाऊन बारा वर्षं झाली, पण अजून कुठं रबर तापल्याचा वास आला की भिमाबाई दाराकडं बघते.

ती स्वतः दुसरीपर्यंत शिकलेली. तीही मावळातल्या अशा शाळेत, जिथं गुरुजी आठवड्यातनं दोनदा उगवायचे. त्यामुळं अक्षरं तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. त्र्याऐंशी साली संत तुकाराम नगरच्या बाजूला वस्तीतल्या बायकांनी मंडळ करून बालवाडी काढली. मंजुळाताई शिकवायला आल्या आणि भिमाबाई मदतनीस लागली. पोरं तिला मावशी म्हणायची. बत्तीस पोरं, बत्तीस पेले, बत्तीस बसकरं आणि चौसष्ट चपला; कुणाचं काय, पत्ता लागेना. मंजुळाताईंनी सगळ्यांवर सुरेख अक्षरात नावं घातली. पण वाचणार कोण? पोरांना येत नव्हतं, पोरांच्या आयांना येत नव्हतं, आणि मावशीला येत होतं असं फक्त मावशी म्हणत होती.

मग एका दुपारी भिमाबाईनं जयसिंगच्या दाढीचं पातं अर्धं मोडून घेतलं, छत्रीची काडी दगडावर घासून टोकाशी चपटी केली आणि रबरावर एक कोंबडा कोरला. कोरला होता दाराकडं बघणारा. कागदावर उमटला चुलीकडं बघणारा.

"शहाणा हाय," जयसिंग म्हणाला. "जिकडं खायला, तिकडं तोंड."

तेव्हा तिला कळलं, रबरावरचं सगळं छापताना उलटं होतं. मग ती आधी कागदावर पेन्सिलीनं चित्र काढायची, कागद रबरावर पालथा घालायची आणि वरून चमच्यानं घासायची. म्हणजे रबरावर उलटं उतरायचं आणि छापलं की सुलटं. धम्मरत्न आणि बुद्धरत्न ही जुळी पोरं होती. त्यांना तिनं मासा दिला. एक घासून उतरवलेला, एक सरळ रबरावर काढलेला. एक मासा डावीकडं पोहायचा, एक उजवीकडं. त्यांची आईसुद्धा कोण कोणता ते ओळखायला मनगट बघायची.

मनगट म्हणजे काय, तर खूण जशी पेल्यावर आणि बसकरावर होती, तशी ती रोज सकाळी पोराच्या मनगटावरही उठायची. भिमाबाई दारात पाट टाकून बसायची. पोरगं समोर येऊन हात पुढं करायचं. ठप्प! झाली हजेरी. "तू बदक. तू किटली. तू वांगं." वांगं मिळालेला पोरगा तीन दिवस रडला. चौथ्या दिवशी दुसऱ्या एकानं त्याच्याकडं वांगं मागितलं, तर देईना. उन्हाळ्यात घामानं खुणा फिसकटायच्या आणि पोरांच्या गालांवर, सदऱ्यांवर जांभळी बदकं फिरायची. संध्याकाळी आया नळावर भांडायच्या, "तुमच्या पोराची किटली आमच्या पोराच्या पाठीवर कशी आली?"

असे ते दिवस. डबा उघडा ठेवून भिमाबाई नेहाला एकेक सांगत होती, तेवढ्यात फोन वाजला. धम्मरत्न. म्हणजे डावा मासा. आता रावेतला राहतो, डोक्यावर केस उरलेले नाहीत, पण आवाज तोच.

"मावशी, रविवारी विहाराच्या हॉलवर आपली सगळी बालवाडी जमतेय. ग्रुप काढलाय मी. मंजुळाताई आता राहिल्या नाहीत, पण तुम्ही पाहिजेच. आणि डबा आणा. सगळ्यांना शिक्का मारून घ्यायचाय."

"म्हातारी माणसं तुमी, शिक्के कसले मारून घेताय?" भिमाबाई म्हणाली, पण तोंडभर हसत. "कोण कोण येणार हाय?"

तो नावं वाचत गेला आणि ती मनात खुणा लावत गेली. रणजीत, छत्री. दीपमाला, किटली. शेवटी तो म्हणाला, "आणि कस्तुरा. ती थोडेच दिवस होती आपल्यात, पण सापडली. चाकणला असते."

भिमाबाईनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडून धम्मरत्न हॅलो, हॅलो करत होता.

"आज्जी, काय झालं?" नेहानं विचारलं.

भिमाबाईनं काळा शिक्का पदरानं पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

कस्तुरा दिवाळीनंतर, मधेच आलेली पोर. तिची आई शालनबाई लातूरकडची. पालिकेच्या झाडण्याच्या कामावर होती. पहाटे खराटा घेऊन रस्त्यावर जायची, म्हणून पोरीला बालवाडीत घातलं. सकाळपर्यंत नवी खूण पाहिजे होती. भिमाबाईनं चुलीवर भात चढवला आणि खोलीत नजर फिरवली. घरातलं सगळं कोरून झालं होतं. कोपऱ्यात झाडू उभा होता. वर सरळ दांडा, खाली सरळ रेघा, ना वळण ना वाकण. भात शिजेस्तोवर शिक्का तयार.

"हा झाडू तुझा," दुसऱ्या दिवशी ती कस्तुराला म्हणाली. ठप्प.

आठ दिवस पोरगी हात नाचवत आली. आईला ती संध्याकाळी दिवेलागणीला दिसायची, तोवर खूण फिसकटून गेलेली असायची. नवव्या दिवशी शालनबाई दुपारीच न्यायला आली. पोरीनं कौतुकानं हात पुढं केला. शालनबाईनं तो धरला, बघितला आणि धरूनच ठेवला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माय," ती म्हणाली, "माझ्या हातातला सुटावा म्हणून लेकीला हितं घातलं. आन तुमी तिच्या हातावर छापून धाडला व्हय?"

पोरीला कडेवर घेऊन ती गेली, ती परत आली नाही. रडणारी कस्तुरा तिच्या खांद्यावरून मागं बघत होती.

तेही परकं कुणी नाही. आपलीच बाई, आपल्यातलीच पोर, आणि दोघींच्याही घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. भिमाबाईनं तो शिक्का त्याच संध्याकाळी चुलीत घातला. रबराच्या घाणेरड्या धुरानं सगळी चाळ खोकत बाहेर आली. जयसिंग ड्युटीवरनं आला तो दारातच थबकला. "कंपनी घरी आणलीस का काय?" म्हणाला. मग बायकोचं तोंड बघून पुठ्ठ्यानं धूर बाहेर घालवायला लागला. तीन दुपारी खपून भिमाबाईनं पेन कोरलं. टोपण, खिशाला अडकवायची पट्टी, निबाची चीरसुद्धा. ते घेऊन शालनबाईच्या खोलीवर गेली, तर खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, चाकणकडं कुठंतरी गेले.

"चाळीस वर्षं झाली, आज्जी," नेहा म्हणाली. "चार वर्षांच्या मुलीला काय आठवणारे?"

"तिला नसंल आठवत. मला आठवतंय ना."

रविवारपर्यंत भिमाबाईनं एक वाक्य पाठ केलं. भाकरी थापताना म्हणायची, कपडे वाळत घालताना म्हणायची. "कस्तुरा, माझ्याकडनं चूक झाली, माफ कर." एवढंच.

हॉलमध्ये पंचेचाळिशीची बत्तीस-तेहतीस पोरं नव्हती, पण वीसेक होती. मागच्या अंगाला जेवण शिजत होतं. नेहा डबा आणि आपलं कोरायचं सामान घेऊन आजीबरोबर आली होती. धम्मरत्ननं मावशीला खुर्ची दिली. तिनं ती सारली आणि पाट मागितला. पाट कुणाकडंच नव्हता, तेव्हा चौरंगावर बसली. समोर रांग लागली. ढेऱ्या सुटलेली, चष्मे लागलेली पोरं ढकलाढकली करत हात पुढं करत होती.

"नाव सांगू का मावशी?"

"नावाचं काय करू? हात दाव." ती तोंडाकडं बघायची आणि म्हणायची, "किटली!" दीपमाला टाळ्या पिटत उडी मारायची तेवढी राहिली. वांगं कुठल्याशा कंपनीत मोठा साहेब होता. त्यानं बाही वर करून घड्याळ काढून ठेवलं.

मग रणजीत आला. "मावशी, मी होडी."

"होडी मी जल्मात कोरली न्हाई. तू छत्री."

"होडी होती मावशी! खाली होडी, वर डोलकाठी, टोकाला आकडा. मी पैजेवर सांगतो."

"बाबा, काडी मी घासली छत्रीची, चित्र काढलं छत्रीचं. तुला होडीत कुणी बसवला?" सगळे हसले. भिमाबाईनं ठप्पकन छत्री मारली. रणजीत मनगटाकडं बघत पुटपुटत बाजूला झाला, "होडीच आहे."

रांगेच्या शेवटी एक उंच बाई उभी होती. निळा पंजाबी ड्रेस, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची रिकामी दोरी. घाईत निघाली असावी. कपाळ अगदी शालनबाईचं.

"ओळखलंत, मावशी?"

"कस्तुरा," भिमाबाई म्हणाली. पाठ केलेलं वाक्य तोंडात आलं आणि तिथंच बसलं. "आई कशी हाय?"

"आई गेली, सहा वर्षं झाली." तिनं हात पुढं केला, जसा बाकीच्यांनी केला होता. "मी कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर पार्टवर शिक्केच मारते. पास, रिजेक्ट, पास, रिजेक्ट. पण माझं झाड काही विसरले नाही. द्या बघू माझं झाड."

"काय?"

"झाड. माझी खूण."

भिमाबाईला वाटलं, सोडून द्यावं. पोरीला चुकीचं आठवतंय, तेच बरं आहे. पण चाळीस वर्षं घशात धरलेलं असं गिळता येत नाही.

"झाड न्हाई गं लेकरा," ती म्हणाली. "झाडू व्हता."

"तेच ना, झाडू!" कस्तुरा खळखळून हसली. "तुम्हीच म्हणायचात, हा तुझा झाडू. मला वाटायचं, बाळाचा बाळू, राजाचा राजू, तसा झाडाचा झाडू. लाडाचं नाव!"

"आगं पन दिसायला..."

कस्तुरानं रणजीतच्या खिशातलं पेन काढलं आणि स्वतःच्या मनगटावर भराभर रेघा ओढल्या. कोपराकडून निघालेला एक दांडा, पुढं बोटांकडं फाकलेल्या रेघा. हात पुन्हा पुढं केला. "हे काय!"

भिमाबाईनं बघितलं. झाडूच होता. दांडा वर, रेघा खाली.

"तिकडनं नाही, मावशी. इकडून बघा."

भिमाबाई चौरंगावरनं उठली, वळसा घालून कस्तुराच्या मागं गेली आणि तिच्या खांद्यावरून डोकावली. खाली खोड होतं. वर झावळ्या होत्या. रानात बांधावर एकटं उभं असतं, तसं शिंदीचं झाड.

ती बराच वेळ तशीच वाकून उभी राहिली.

रोज सकाळी पोरं समोर यायची. हात तिच्याकडं करायची. तिला सुलटं दिसावं असा ती शिक्का मारायची. रबरावरचं उलटं होतं, हे तिला कळलं होतं; समोर उभ्या पोराला उलटं दिसतं, हे काही सुचलं नव्हतं.

"म्हंजी बत्तीसच्या बत्तीस पोरांना मी सगळं उलटंच दावलं की रं!"

"होडी!" रणजीत ओरडला. "मी सांगत होतो!"

हॉलमध्ये एकच कल्ला झाला. जो तो आपलं मनगट फिरवून बघायला लागला. भिमाबाई मात्र कस्तुराकडं बघत होती, कारण कस्तुराचं हसू थांबलं होतं.

"त्या दिवशी आईनं माझा हात घासून घासून लाल केला," ती हळू आवाजात म्हणाली. "मी रडत होते, माझं झाड गेलं म्हणून. ती म्हणायची, झाडू होता तो, झाडू. मोठी झाल्यावर मी तिला कितीदा सांगितलं, आई, झाड होतं गं. शेवटपर्यंत पटलं नाही तिला."

"तिचं खोटं नव्हतं, कस्तुरा." आता वाक्य आलं, पाठ केलेलं नव्हे, दुसरंच. "मी झाडूच कोरला व्हता. सोपा म्हणून. तुझी आई काय काम करती ते मला ठावं व्हतं, तरी सुचलं न्हाई. तिची माफी मागायची ऱ्हायली माझी."

कस्तुरानं मनगटावरच्या रेघांवरून बोट फिरवलं. "आईच्या वतीनं मी कशी देऊ, मावशी? ते तिचं होतं." मग म्हणाली, "माझ्याकडची घ्या. पण माझ्याकडं तुमचं काही चुकलंच नाही. मला झाड मिळालं होतं. कुठंय ते?"

"जाळलं."

"माझं झाड जाळलंत?"

त्या आवाजात चार वर्षांची पोर होती. भिमाबाईनं डब्यातला काळा शिक्का काढून तिच्या तळहातावर ठेवला. "त्याच्या बदली हे कोरलं व्हतं. पेन. घेऊन गेले, तर कुलूप."

कस्तुरानं पेन उलटंपालटं करून बघितलं. निबाच्या चिरेवरून नख फिरवलं. शाईच्या पॅडकडं हात नेला आणि मागं घेतला. "हा आईचा," ती म्हणाली आणि शिक्का ओढणीच्या टोकात बांधला. "फोटोपाशी ठेवते. पटलं तर घेईल ती. पण माझं झाड पाहिजे."

भिमाबाईनं मान फिरवली. "नेहा, आण गं तुझी ती बर्फी."

नेहानं गुलाबी वडी आणली, वर आपली नवी, पिवळ्या मुठीची हत्यारं. भिमाबाईनं एक हातात धरून बघितलं आणि परत दिलं. "ह्याला हातच बसत न्हाई." डब्याच्या तळाशी छत्रीची काडी होती. ती तिनं चौरंगाच्या कडेवर घासली.

रबर लोण्यासारखं मऊ, जरा जोर पडला की काडी खोल शिरायची. पहिला तुकडा फुकट गेला. दुसऱ्यालाही दांडा वाकडा आला. "असू दे," कस्तुरा म्हणाली, "झाडं वाकडीच असतात." भात शिजला, पंगत बसली, उठली. त्या वेळी भात शिजेस्तोवर झालेलं काम आता ताकाच्या वाट्या फिरल्या तरी चाललेलंच. रेघा त्याच होत्या, तेवढ्याच. कोरताना भिमाबाईला सांगता आलं नसतं, ती दोन्हींतलं काय कोरतेय.

शेवटी तिनं भुगा फुंकला, शिक्का शाईवर टेकवला. कस्तुरा समोर येऊन बसली आणि हात पुढं केला.

"तितं नगं," भिमाबाई म्हणाली. चौरंगावर जरा सरकली आणि शेजारची जागा थोपटली. "हितं, माझ्या बाजूला."

कस्तुरा तिच्याशेजारी बसली, खांद्याला खांदा लावून. भिमाबाईनं तिचा हात आपल्या मांडीवर घेतला, खोड कोपराकडं आहे ना ते दोनदा बघितलं आणि शिक्का दाबला. ठप्प. वाकड्या खोडाचं जांभळं झाड उमटलं. दोघीही त्याच्यावर वाकून बघत राहिल्या.

"तिकडून झाड असेल, इथनं मला झाडूच दिसतोय, मावशी!" समोरून रणजीत ओरडला.

"मग तितं कशाला ऱ्हायलास?" भिमाबाई मान वर न करता म्हणाली. "हिकडं येऊन बस की, मेल्या."